शिपायालाही अधिकारी होता येतं, हे घरात कधी कळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. टेक्सासमधल्या छावणीतून माझ्या थोरल्या ताईचा नातू बोलत होता. मुलगा न्यू जर्सीत जन्मला, तिथंच शिकला आणि दोन वर्षांपूर्वी अमेरिकेच्या लष्करात साधा शिपाई म्हणून भरती झाला. वय वीस. मराठी घरात बोलण्यापुरतं येतं. तो म्हणाला, "मामाआजोबा, मला वेस्ट पॉइंटला अर्ज करायचाय. माझ्या कंपनी कमांडरची शिफारस लागते. ती मागायची कशी? तुम्ही कधी मागितली होती का?"

मी अंथरुणातून उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. हा प्रश्न मला घरातल्या कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. चोवीस वर्षं नोकरी केली, २००८ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण मी एकदा अधिकारी होण्यासाठी धडपडलो होतो हे बायकोशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्या रात्री त्या मुलाशी तासभर बोललो. तेच आज आपल्या वाचकांपुढे मांडतो आहे, कारण लालबाग-परळपासून चिपळूण-साताऱ्यापर्यंत ज्या घरांतून मुलं सैन्यात जातात, त्या घरांना ही गोष्ट माहीत नसते.

आधी त्याच्या देशातली पद्धत सांगतो, म्हणजे आपली समजायला सोपी जाईल. वेस्ट पॉइंट ही अमेरिकेची १८०२ पासूनची लष्करी प्रबोधिनी. तिथं चांगले गुण असून भागत नाही, तुमचं नाव कुणीतरी अधिकृतपणे सुचवावं लागतं. शाळेतून जाणारी मुलं आपापल्या भागातल्या लोकप्रतिनिधीकडे किंवा सिनेटरकडे त्यासाठी अर्ज करतात. वर्दीतल्या शिपायांसाठी मात्र कायद्यातच वेगळी सोय आहे. नियमित सैन्यातले ८५ आणि राखीव दलांतले ८५ शिपाई लष्कर सचिव सुचवू शकतात. शिवाय शिपाई आपल्या गावच्या लोकप्रतिनिधीकडेही अर्ज करू शकतो. उमेदवार अविवाहित हवा, त्याच्यावर कुणी अवलंबून नको आणि त्याच्या वरिष्ठानं त्याच्याबद्दल लिहून द्यायला हवं. अभ्यासात थोडा कमी पडणाऱ्यांसाठी वर्षभराची तयारीची शाळाही आहे. "आणि मामाआजोबा," तो म्हणाला, "माझ्या बॅरॅकमधल्या मुलांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मला एका सार्जंटनं सांगितलं, म्हणून कळलं."

हे ऐकून मला माझं १९८९ साल आठवलं.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरावीत होतो. पुढचं सगळं मुंबईला माहीत आहे, ते लिहीत बसत नाही. मी बारावी झालो तोवर घरातली भांडीसुद्धा गहाण पडली होती. १९८४ साली भरतीला उभा राहिलो आणि लागलो. आईनं चाळीत पेढे वाटले. माझ्या घराच्या दृष्टीनं विषय तिथं संपला. मुलगा सरकारी नोकरीत लागला, पोटाची सोय झाली, पुढं पेन्शन आहे. अधिकारी म्हणजे इंग्रजी बोलणारी, वेगळ्याच घरांतून आलेली माणसं, अशी आमची समजूत होती. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे हे मला माहीत होतं, पण तिची परीक्षा कोण देतं, कधी देतं, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. जाहिराती येत असतील. त्या आपल्यासाठी आहेत असं आम्हाला वाटलं नाही.

माझी बारावी आणि अक्षर बघून मला क्लार्क केलं. पाच वर्षं कंपनी ऑफिसात बसलो. रजेचे अर्ज, भत्त्यांची बिलं, बदल्यांचे हुकूम, सगळे कागद माझ्या हातावरून गेले. मग १९८९ च्या हिवाळ्यात पलटणीत एक नवे कॅप्टन साहेब आले. एका रात्री गार्ड तपासून परतताना ते आमच्या लंगरात आले, ताट घेतलं आणि आमच्या रांगेत बसून जेवले. जेवताना म्हणाले, "मैं भी सिपाही भरती हुआ था." मला वाटलं, आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणताहेत. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, वय विचारलं. मग म्हणाले, "एसीसी का फॉर्म भरा?"

"कौन सा फॉर्म, साब?"

त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की आर्मी कॅडेट कॉलेज (एसीसी) नावाची संस्था आहे आणि ती केवळ वर्दीतल्या जवानांसाठी आहे. तिचं मूळ १९२९ साली मध्य प्रदेशातल्या नौगावला सुरू झालेल्या किचनर कॉलेजात आहे. १९६० साली तिला आजचं नाव मिळालं. तेव्हापासून १९७७ पर्यंत ती पुण्यातच होती, मग देहरादूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत तिची शाखा झाली. जवान तिथं तीन वर्षं शिकतो, पदवी घेतो, मग प्रबोधिनीत एक वर्ष प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट म्हणून बाहेर पडतो. लालबागहून चार तासांवर ती संस्था कित्येक वर्षं होती. मी लष्कराच्या कागदांत पाच वर्षं बुडालेला माणूस, आणि मला तिचं नावही ठाऊक नव्हतं. साहेबांनी आपला जुना फोटो दाखवला. त्यात ते लान्स नायकाच्या फितीत उभे होते.

१९९० मध्ये मी अर्ज केला. स्वतःच टाइप केला, सोबतचे दाखले जोडले आणि वरच्या ऑफिसच्या ट्रेमध्ये ठेवला. दोन आठवड्यांनी पलटण हलली. ऑफिस ट्रंकांत भरलं, मालगाडीत चढलं, नव्या जागी उघडलं. साडेचार महिन्यांनी रेशनच्या रिटर्न्समध्ये अडकलेला माझा अर्ज सापडला. शेवटची तारीख केव्हाच गेली होती. माझ्या वाइटावर कुणीही नव्हतं. रजेचा अर्ज राहिला असता तर जवान दुसऱ्या दिवशी येऊन उभा राहिला असता, म्हणून रजेचे अर्ज कधी राहत नसत. या कागदासाठी कुणी येऊन उभं राहील अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. आणि मीसुद्धा उभा राहिलो नाही. आपणहून विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी मात्र मी रीतसर इंटरव्ह्यू मागितला. आधी कंपनी कमांडर, मग सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर. सुभेदार मेजर साहेबांनी स्वतः माझा बेल्ट तपासला, टोपी सरळ केली आणि मला आत नेलं. सीओ साहेबांनी माझं रेकॉर्ड उलगडून पाहिलं, लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, एकही नोंद नाही ना ते बघितलं आणि विचारलं, "अफसर क्यों बनना है?" मी रात्रभर इंग्रजीत उत्तर पाठ केलं होतं. ते सगळं विसरलो. हिंदीत जे मनात होतं ते बोललो. म्हणालो, साहेब, माझ्या कंपनीतला जवान घरचं पत्र वाचून रात्री रडतो, ते मला माहीत असतं, कारण मी त्याच्या शेजारी झोपतो. पण त्याच्यासाठी काही करायचा अधिकार माझ्याकडे नाही. सीओ साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सही केली.

ती सही मी आजही विसरलेलो नाही. शिफारस म्हणजे नुसतं नाव पुढं पाठवणं नसतं. सही करणारा अधिकारी आपल्या शब्दावर सांगत असतो की हा माणूस उद्या माझ्याच जवानांना लढाईत घेऊन जाऊ शकेल. म्हणून ती मागताना लाज वाटू नये आणि देणाऱ्यानंही ती उपकार म्हणून देऊ नये.

लेखी परीक्षा पास झालो. १९९२ मध्ये भोपाळच्या सिलेक्शन बोर्डासमोर गेलो. छातीवर नंबर बांधला. तिथं नाव नसतं, हुद्दा नसतो, फक्त नंबर. मानसशास्त्राच्या चाचण्यांत एकेक शब्द पंधरा सेकंद दाखवतात, असे साठ शब्द. त्यावर मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग आणि अर्धा तास. तुम्ही जंगलातून जाताय आणि पुलाखाली रुळांच्या फिशप्लेट्स (जोडपट्ट्या) काढलेल्या दिसतात, काय कराल? असे. मी भराभर लिहीत गेलो. खूप पुढं गेल्यावर लक्षात आलं की माझ्या कितीतरी उत्तरांचा शेवट एकाच वाक्यानं होतोय: "वरिष्ठांना कळवलं." तोवर वेळ संपत आली होती.

मैदानावरही तेच झालं. फळ्या, दोर, पिंप देतात आणि गटानं मिळून अडथळा पार करायचा असतो. फळी कुठं टाकावी हे मला दिसत होतं. पण कुणीतरी सांगेल म्हणून मी दोर धरून उभा राहिलो. माझ्या शेजारच्या सिग्नल्सच्या नायकानं तीच फळी तिथंच टाकली आणि सगळे पार गेले. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली. निवडलेल्यांचे नंबर पुकारले, त्यात माझा नव्हता. स्टेशनवर सोडणाऱ्या गाडीत आम्ही बरेच जण होतो आणि कुणीही बोललं नाही. त्या नोव्हेंबरात माझी सत्तावीस वर्षांची वयोमर्यादा उलटली.

बोर्डानं माझ्यावर अन्याय केला असं मला कधीही वाटलं नाही. आठ वर्षं मी उत्तम शिपाई झालो होतो. सांगितलेलं काम वेळेत, न चुकता, न विचारता करणं माझ्या हाडात भिनलं होतं. बोर्ड शोधत होता दुसऱ्यासाठी निर्णय घेणारा माणूस. तो माझ्यात नव्हता असं नाही, पण त्याला बाहेर काढायची सवय मला कुणी लावली नव्हती आणि मीही लावून घेतली नव्हती. एकविसाव्या वर्षी मला हे कळलं असतं तर तयारीला पाच वर्षं आणि आणखी प्रयत्न करायला वेळ मिळाला असता. मला ते चोविसाव्या वर्षी कळलं, आणि त्यातलं एक वर्ष ट्रंकेत गेलं.

म्हणूनच मी पुढं हेडक्लार्क झालो तेव्हा निळ्या पुठ्ठ्याची एक वही केली. पलटणीत येणाऱ्या प्रत्येक बारावी पास मुलाचं नाव, जन्मतारीख आणि सत्ताविसावा वाढदिवस कधी येतो, ते तिसऱ्या रकान्यात. मुलगा रुजू झाला की आठवडाभरात त्याला बोलावून विचारायचो, "एसीसी माहीत आहे का?" नव्वद टक्के मुलं मी १९८९ मध्ये पाहिलं तसं माझ्याकडे बघायची. दर वर्षी मुदतीआधी दोन महिने मी ती वही घेऊन अ‍ॅडज्युटंट साहेबांकडे जायचो. अर्ज कुणाच्या ट्रेमध्ये किती दिवस आहे ते पेन्सिलीनं लिहून ठेवायचो. सगळेच अर्ज पुढं जात नसत. काहींना सीओ साहेबांनी नकार दिला, आणि दिला ते योग्य होतं. पण मी एक विनंती नेहमी करायचो: साहेब, मुलाला समोर बोलावून कारण सांगा. ज्याला सांगितलं की "तुझं इंग्रजी कच्चं आहे, सहा महिन्यांनी ये," तो सहा महिन्यांनी यायचा. ज्याला काहीच सांगितलं नाही, तो परत कधी आला नाही.

त्या वहीतली तीन मुलं एसीसीत पोचली. त्यातला एक चिपळूण तालुक्यातला. वडील लहानपणीच गेलेले. आई काळाचौकीत एका खोलीत राहून गिरण्यांच्या जागी आलेल्या ऑफिसांतल्या लोकांचे डबे करायची. मुलगा एसीसीला निवडला गेला तेव्हा ती माऊली घाबरून माझ्या घरी आली होती. तिला वाटलं होतं, नोकरी सुटली. चार वर्षं शिकणार तर पैसे कोण पाठवणार? मी तिला समजावलं की पगार चालू राहतो, आणि तो राहिलाही. डिसेंबर २०११ मध्ये देहरादूनला त्याची पासिंग आउट परेड झाली तेव्हा तिनं मला सोबत नेलं. एवढ्या लांब ती पहिल्यांदाच निघाली होती. चेटवूड इमारतीसमोर ती सगळी मुलं 'अंतिम पग', म्हणजे प्रबोधिनीतली शेवटची पायरी, ओलांडून गेली. नंतर खांद्यावर तारे लावायचे असतात. डबे करून तिच्या बोटांची टोकं भाजून जाड झाली होती, पिन काही लागेना. मुलगा खाली वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, सावकाश." मी त्याचा खांदा धरून ठेवला. मग ती मागं झाली आणि मी दोन पावलं हटून सावधानमध्ये त्याला सॅल्यूट केला. त्यानं उत्तर दिलं, हात खाली आणला आणि मग माझ्या पाया पडला.

काही जण म्हणतील, हे अपवाद आहेत. शिपायातून आलेला अधिकारी तो अधिकारीच नव्हे, असंही मी मेसच्या दारात उभं राहून ऐकलं आहे. त्यांना मी नम्रपणे काही नावं सांगतो. मेजर राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंदिया गावचे. १० जुलै १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले, आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. चारच महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि पाडलेली झाडं त्यांनी गोळीबारात, जखमी असताना दूर केली, आणि त्याच रस्त्यानं रणगाडे पुढं गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. होशियार सिंग १९५७ मध्ये जाट रेजिमेंटमध्ये शिपाई होते, १९६३ मध्ये ग्रेनेडिअर्समध्ये अधिकारी झाले आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत परमवीर चक्र मिळवलं. आणखी मागं जायचं तर देहरादूनची प्रबोधिनी १९३२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीच्या चाळीस जागांपैकी पंधरा सैन्यातल्या शिपायांसाठीच ठेवल्या होत्या. सॅम माणेकशा ज्या तुकडीत होते, त्याच तुकडीत मोहम्मद मुसा हे पूर्वीचे शिपाई होते, आणि पुढं ते पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले. म्हणजे ही वाट प्रबोधिनीइतकीच जुनी आहे.

आज अटी काय आहेत, तेही स्पष्ट लिहितो. वय वीस ते सत्तावीस. किमान दोन वर्षं सेवा. बारावी पास. सेवेतलं वर्तन चांगलं, वैद्यकीय श्रेणी उत्तम, आणि कमांडिंग ऑफिसरची शिफारस. मग लेखी परीक्षा, सिलेक्शन बोर्ड, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी. हा रस्ता केवळ लष्करातल्या जवानांना नाही, नौदल आणि हवाई दलातल्यांनाही खुला आहे. मुंबईत कुलाब्याला राहणाऱ्या कितीतरी नौसैनिकांच्या घरांनी हे वाचावं. ज्यांचं सत्ताविसावं वर्ष उलटलं आहे त्यांच्यासाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसर आणि स्पेशल लिस्ट अशा वेगळ्या वाटा आहेत. त्यांचे नियम आपल्या युनिटच्या ऑफिसात विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

यात आता आणखी घाई आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. वयाची अट तेव्हा साडेसतरा ते एकवीस होती, पहिल्या वर्षी सवलतीनं तेवीसपर्यंत. मुलं चार वर्षांसाठी जातात आणि त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के पुढं नियमित सेवेत घेतली जायची आहेत. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस पुरी होतात. जी मुलं नियमित होतील त्यांचं वय तेव्हा साडेएकवीस ते सत्तावीसच्या मध्ये असेल. त्यांच्यातल्या मोठ्यांना तर सत्तावीसच्या आत जवळजवळ वेळच उरत नाही. माझ्यासारखं पाच वर्षांनी कळून त्यांना कसं चालेल? त्यांनी पहिल्या दिवसापासून इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला हवं, चारचौघांत उभं राहून बोलायला शिकायला हवं, आणि सेक्शनमध्ये लहानसहान जबाबदारी मागून घ्यायला हवी. हे त्यांना घरून कुणी सांगितलं तर ते करतील.

संपादक महोदय, आपल्या वर्तमानपत्रात भरती मेळाव्याच्या तारखा येतात, पोलीस भरतीच्या येतात, बँकेच्या परीक्षांच्या येतात. माझी हात जोडून विनंती आहे की वर्षातून दोनदा, एसीसीची लेखी परीक्षा जवळ आली की, चौकटीत चार ओळी छापा. जवान सीमेवर असला तरी त्याचा बाप लालबागच्या नाक्यावर चहा घेताना वर्तमानपत्र वाचतो. तो रात्री फोनवर विचारेल, "बाळा, तू फॉर्म भरलास का?" एवढं विचारलं तरी पुरे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनीही भरती झालेल्या मुलांच्या पालकांना एक पानाचं पत्र पाठवावं. एका पानावर मावेल एवढीच ही माहिती आहे, मी वर लिहिली तेवढी.

आणि आज जे बांधव युनिटमध्ये हेडक्लार्क आहेत, त्यांना एका जुन्या क्लार्कची विनंती: तुमच्या ट्रेमध्ये असा एखादा कागद असेल तर तो आजच वर सरकवा. पलटण हलणार असेल तर तो ट्रंकेत टाकू नका, स्वतःच्या खिशात ठेवा.

ताईच्या नातवाला मी काय सांगितलं? शिफारस मागायला जाताना हातात सगळे कागद क्रमानं असू दे. वेळ मागून जा, वाटेत गाठू नको. पाठ केलेलं बोलू नको, तुझ्या शेजारी झोपणाऱ्या मुलांबद्दल तुला काय वाटतं ते बोल. साहेब नाही म्हणाले तर "काय कमी आहे आणि परत कधी येऊ" हे विचारल्याशिवाय खोलीबाहेर पडू नको. आणि परीक्षेत कुठंही "वरिष्ठांना कळवलं" एवढंच लिहून थांबू नको. आधी तू काय केलंस ते लिही. तो हसला नाही. "लिहून घेतो," म्हणाला. परवा त्याचा निरोप आला: कंपनी कमांडरनं पुढच्या मंगळवारची वेळ दिली आहे.

दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी घरीच असतो. ज्यांचा मुलगा, भाऊ, पुतण्या सैन्यात आहे आणि बारावी पास आहे, त्यांनी यावं. पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, मागेल त्याला द्यावा. येताना मुलाची जन्मतारीख लिहून आणावी. निळी वही मी निवृत्त होताना पुढच्या हेडक्लार्ककडे सोपवली, पण गेल्या आठवड्यात लालबागच्या बाजारातून नवी आणली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क)
लालबाग, मुंबई